चार महिने, साडेतीन लाख आणि आजोबांची दुर्बीण. पाखरं बघत फिरायचंय, प्लॅन बघून सांगा

सिरपूरचा_बगळा (इंदूर)

नमस्कार मंडळी, वर्षभर इथे नुसतं वाचून राहिलोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी सुदामा नगरचा, आयटीत होतो, म्हणजे अजून आहे, नोटीस पीरियड डिसेंबरअखेर संपतो आणि त्यानंतर जानेवारी ते एप्रिल मोकळा. दुसरी नोकरी लागली की परत अशी सुट्टी रिटायरमेंटलाच मिळणार म्हणून ठरवलं की आत्ताच निघायचं. पाखरांचा नाद तीन वर्षांपूर्वी सिरपूर तलावावर लागला, मग यशवंत सागर, रालामंडल, पावसाळ्यात चोरलकडे, असं करत लिस्ट दोनशेच्या वर गेलीये. पण खरं रेनफॉरेस्ट अजून पाहिलेलं नाही.

बजेट साडेतीन लाख, विमानाच्या तिकिटांसकट. बॅग एकच, पाठीवरची. प्लॅन असा: श्रीलंका ६ दिवस, मग थायलंड (खाओ याई २, काएंग क्राचान २, दोई इंथानॉन २, पाक थाले १), मग मलेशियात फ्रेझर्स हिल २ आणि तामान नेगारा ३, मग बोर्नियोत सेपिलोक, किनाबातांगान नदी आणि किनाबालू मिळून ८, मग सुलावेसीत तांगकोको, मग फिलिपीन्स, आणि वेळ उरला तर येताना व्हिएतनाम. शक्य तेवढे देश आणि शक्य तेवढ्या स्पीसीज, असा हिशेब आहे.

विचारायचं हे की एवढ्या पैशात जमेल का, सगळीकडे गाइड घ्यावा लागतो का, आणि माझ्याकडे आजोबांची जुनी १० बाय ५० दुर्बीण आहे ती चालेल की नवी घ्यायची? आणि जळवांचं काय करायचं, कारण आईला मी डासांपर्यंतच सांगितलंय. ती म्हणते पाखरंच बघायची तर गच्चीवर दाणे टाक, कबुतरं काय कमी आहेत का.

पायपीट_ताई (इंदूर)

अरे, प्लॅन वाचून आधी हसले, राग मानू नकोस, माझाही पहिला प्लॅन थेट असाच होता. मी रामबागेतली, सहा वर्षांपूर्वी पाच महिने एकटी फिरले, थायलंड-मलेशिया-बोर्नियो, आणि पहिल्या महिन्यात इतक्या बस बदलल्या की पाखरांपेक्षा बसस्टँड जास्त ओळखायला लागले.

एक गोष्ट आधी समजून घे. सिरपूरला बदकं आपल्यासाठी पाण्यावर मांडून ठेवलेली असतात, तू काठावर उभा राहतोस, मोजतोस, घरी येऊन पोहे-जिलबी खातोस. रेनफॉरेस्टमध्ये झाडं चाळीस-पन्नास मीटर उंच, खाली अंधार, वर पानांचं छप्पर, आणि सकाळी दोन-दोन तास एकही पाखरू दिसत नाही, फक्त सिकाडा किड्यांची करवत चालू असते. मग अचानक पंधरा-वीस जातींचा मिसळलेला थवा डोक्यावरून जातो, पाच मिनिटांत सगळं संपतं आणि तुझ्या वहीत तीन नावं आणि बारा प्रश्नचिन्हं असतात. दोन दिवसांच्या मुक्कामात तुझ्या वाट्याला नुसती प्रश्नचिन्हं येतील. चौथ्या-पाचव्या दिवशी कान बसायला लागतो, आणि तेव्हाच तू बॅग भरणार.

खाओ याईचं सांगते. बँकॉकहून पाक चोंगला थर्ड क्लासच्या ट्रेननं गेले, अगदी स्वस्त, तिथून साँगथाव मिळते, म्हणजे पिकअपला मागे दोन बाकडी लावलेली आपल्या मॅजिकची चुलतबहीण. ती पार्कच्या गेटपर्यंतच जाते, व्हिजिटर सेंटर तिथून पुढे चौदा किलोमीटर आत, आणि तेवढं अंतर लोक लिफ्ट मागून जातात, तिथे त्यात कुणाला काही वाटत नाही. परदेशी माणसाला एंट्री ४०० बाथ होती. आत कॅम्पसाइटवर तंबू, मॅट, स्लीपिंग बॅग सगळं भाड्यानं मिळतं, त्यामुळे आपलं ओझं न्यायची गरज नाही. खाणं मात्र तंबूत ठेवू नकोस, माकडं चेन उघडतात, मी स्वतः पाहिलंय, माझी रतलामी शेव गेली.

मी दोन दिवसांसाठी गेले आणि नऊ दिवस राहिले, एका झाडापायी. कँटीनमधल्या बाईला भाषा येत नव्हती, मला थाई येत नव्हती, मी वहीत हॉर्नबिलचं वेडंवाकडं चित्र काढलं तर तिनं हसून रस्त्यापलीकडच्या झाडाकडे बोट केलं. वड-उंबराच्याच जातकुळीतलं प्रचंड झाड, फांद्या फळांनी लगडलेल्या. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात ना, पण फळ धरलं की अख्ख्या जंगलाला पत्ता लागतो. मी पहाटे त्याच्याखाली जाऊन बसायची. आधी टोपीवर टपटप अर्धवट कुरतडलेली फळं पडायची, म्हणजे वर हरियल आलेत. मग तांबटांच्या दोन-तीन जाती. मग निळ्याशार पाठीचे फेअरी ब्लूबर्ड. आणि सात-साडेसातला लांबून वाफेच्या इंजिनासारखा आवाज, हुश्श-हुश्श-हुश्श, मी पहिल्या दिवशी खरंच रस्त्याकडे बघितलं की काय येतंय. तो ग्रेट हॉर्नबिल होता, आपल्या इंदूरच्या राखी धनेशाला कडेवर घेईल एवढा. फांदीवर बसून चोचीच्या टोकानं एकेक फळ इतकं हळूच उचलायचा, जसं काही सोनार मणी उचलतोय, मग मान मागे टाकून हवेत उडवून गिळायचा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बहुतेक एकटे नरच दिसतात. मादीनं स्वतःला झाडाच्या ढोलीत लिंपून घेतलेलं असतं, एक फट तेवढी ठेवते, आणि नर त्यातून फळं भरवतो. याच खाओ याईत १९७८ पासून पिलाई पूनस्वाद या बाईंनी धनेशांवर काम केलं, पुढे दक्षिणेकडच्या बुडो डोंगरात तर पूर्वी पिल्लं चोरणाऱ्या गावकऱ्यांनाच घरट्यांचे राखणदार केलं.

तर माझं सांगणं एवढंच की जिथे जाशील तिथे पहिला प्रश्न हा विचार, फळाला आलेलं झाड कुठे आहे? सगळी झाडं एकाच वेळी फळत नाहीत, एक आज तर दुसरं दोन महिन्यांनी, त्यामुळे जंगलात कुठे ना कुठे पंगत चालू असतेच, आणि एका झाडावरची पंगत थोड्याच दिवसांत उठते. हे कुठल्याही अ‍ॅपवर मिळत नाही, कँटीनवाली, गार्ड, झाडूवाला यांना माहीत असतं. आणि त्यांच्याशी ओळख व्हायला दोन दिवस पुरत नाहीत.

गाइडबद्दल: प्रत्येक नव्या देशात पहिल्या जंगलात एक दिवस घे, चांगला घे, पैसे लागले तरी घे. त्या दिवशी पाखरं मोजू नकोस, आवाज शिक. पाच-सात नेहमीचे आवाज पक्के झाले की पुढचे आठ दिवस त्याच वाटेवर एकटा जा. रोज गाइड लावलास तर तुझे साडेतीन लाख फेब्रुवारीतच संपतील.

आणि दोई इंथानॉन कर किंवा सोड, पण मार्चमध्ये जाऊ नकोस. उत्तर थायलंडमध्ये फेब्रुवारी-अखेरपासून शेतं आणि जंगलं जाळतात, समोरचा डोंगर दिसत नाही एवढा धूर असतो.

कमाटीबाग_काका (बडोदा)

ताईंनी बाकी सगळं सांगितलं, मी दुर्बिणीवर येतो, कारण या विषयावर लोक दुकानदाराचं ऐकतात.

बाबा रे, तुझ्या आजोबांची दुर्बीण अंधारात कमी पडणार नाही. हिशेब सोपा आहे, १० म्हणजे किती पट मोठं दिसतं, ५० म्हणजे पुढच्या काचेचे मिलिमीटर, ५० ला १० नं भाग, डोळ्यात शिरणारा उजेडाचा झोत ५ मिलिमीटर. नव्या ८ बाय ४२ ला येतात सव्वापाच. म्हणजे उजेड जवळपास सारखाच. पंचाईत तीन ठिकाणी आहे. एक, वजन, चार महिने गळ्यात सुमारे किलोभराचा धोंडा. दोन, दहापट मोठं दिसतं तेव्हा हाताचा कंपही दहापट होतो, मान मागे टाकून छपराकडे बघताना तर फारच, शिवाय दिसणारा तुकडा लहान, थवा पळत असताना पाखरू सापडेपर्यंत गेलेलं असतं. आणि तीन, जी कुणी सांगत नाही, जवळचा फोकस. जुन्या पोरो दुर्बिणी, म्हणजे बाहेरून वाकड्या नळ्यांच्या, सहा-सात मीटरच्या आत धूसर दाखवतात. नवरंग किंवा सातभाईच्या जातीचं काहीतरी चार पावलांवर पाचोळा उलटत असेल आणि तू मागे सरकायला लागशील, मागे सरकताना काटकी मोडेल, झालं. त्यामुळे ८ बाय ४२ घे, दोन-अडीच मीटरवर फोकस होणारी, वॉटरप्रूफ आणि आत नायट्रोजन भरलेली. गळ्यातला पट्टा फेकून खांद्यावरून जाणारा हार्नेस लाव.

नायट्रोजन कशासाठी ते माझ्या अनुभवातून सांगतो. मी २०११ ला केरळात जूनमध्ये तीन आठवडे साधी दुर्बीण घेऊन राहिलो, परत आलो तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. बुरशी. दुरुस्तीवाल्यानं उघडली, पुसली, आणि परत बसवताना दोन्ही नळ्यांची नजर अशी चुकवली की आजही त्यातून मला दोन चंद्र दिसतात. तेव्हा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा ने, त्यात सिलिका जेलच्या रंग बदलणाऱ्या गोळ्या, रात्री दुर्बीण त्यात झोपव. रंग उतरला की कुणाच्या तरी स्वयंपाकघरात तव्यावर मंद आंचेवर भाजून घे, परत कामाला येतात. आणि एसीच्या खोलीत राहू नकोस, सकाळी बाहेर पडलास की काच धुक्यानं भरते आणि नेमका पहाटेचा अर्धा तास जातो. पैसेही वाचतील.

आजोबांची दुर्बीण घरी जपून ठेव, सिरपूरसाठी उत्तम आहे.

पाक थाले मात्र काढू नकोस. मिठागरं आहेत, बँकॉकच्या दक्षिणेला फेचबुरी प्रांतात, आणि तिथे हिवाळ्यात चमच्यासारख्या चोचीचा तुतवार येतो, थेट रशियाच्या चुकोटका किनाऱ्यावरून. चिमणीएवढा जीव, जगात काही शेच उरलेत. पण तो स्टिंटच्या, म्हणजे तशाच बारक्या तुतवारांच्या, शेकडोंच्या घोळक्यात असतो आणि चोच चिखलात असेपर्यंत चमचा दिसत नाही, म्हणून आधी साधे तुतवार ओळखायला शीक. आमच्या डभोईजवळच्या वढवाणा तलावावर ये डिसेंबरात, सयाजीरावांच्या काळातला तलाव, २०२१ ला रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही आला, दोन दिवस चिखल बघ. मुक्कामाला माझं घर आहे.

घाटावरचा_पाव्हणा (इंदूर)

सगळे परदेशातच पाठवून राहिलेत पोराला. भाऊ, उष्ण कटिबंध केरळातच चालू होतो. इंदूरहून आठवड्यातून एकदा अहिल्यानगरी एक्स्प्रेस जाते, एर्नाकुलमला उतर, कोथमंगलमची बस, तिथून थट्टेकाड. सलीम अलींनी १९३० च्या दशकात त्रावणकोर-कोचीन सर्व्हे केला तेव्हा या भागाचं कौतुक करून ठेवलंय, अभयारण्य १९८३ ला झालं, त्यांच्याच नावानं. तिथला फ्रॉगमाउथ बघ, बेडकाच्या तोंडाचं पाखरू, दिवसभर जोडीनं वाळक्या पानासारखं चिकटून बसतं, दाखवल्यावर पण दिसत नाही. दहा दिवस तिथे काढ, जंगल झेपतं का कळेल, भाषा-पैसा-सिमकार्ड कसलाच वैताग नाही. नाही झेपलं तर त्याच ट्रेननं परत. आणि झेपलं तर कोचीहून कोलंबो हाकेच्या अंतरावर आहे.

तिघरा_तीर (ग्वाल्हेर)

जळवांचा प्रश्न कुणीच घेतला नाही, तो माझा.

सिंहराजाला, म्हणजे श्रीलंकेतलं मोठं रेनफॉरेस्ट, १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, मी बुटात पँट खोचून आणि मीठ घेऊन गेलो होतो. मीठ पहिल्या पावसात वाहून गेलं. संध्याकाळी मोजे काढले तर पांढरे मोजे मरून रंगाचे. दुखत नाही हो, जळू चावते तेव्हा कळतच नाही, नंतर रक्त थांबत नाही आणि आठवडाभर खाज येते. उपाय म्हणजे लीच सॉक्स, गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे, आतल्या मोज्यावर चढवायचे आणि वरून बूट. बाहेर महाग मिळतात. इंदूरला शीतलामाता बाजारातून घट्ट विणीचा मांजरपाट घे, शिंप्याकडून पिशवीसारखे दोन शिवून घे, शिवण बाहेरच्या बाजूला, वर नाडी. पांढराच घे, जळू चढताना दिसते आणि टिचकी मारून उडवता येते. शिंपी विचारेल हे कशाला, त्याला खरं सांगू नकोस, माझ्या शिंप्यानं दुकानातल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं.

दुसरं, तिथे मी फसलो ते ऐक. कोलंबोत एका एजंटनं जीप, गाइड, एंट्री सगळं धरून पॅकेज दिलं. तिथे पोचल्यावर कळलं की गाइड म्हणजे ड्रायव्हरच, आणि त्याला कोतवाल पक्षी आणि कावळा एकच. वर गेटवर वनखात्याचा गाइड घ्यावाच लागतो, तो नियम आहे, त्याचे पैसे वेगळे दिले. तेव्हा बसनं जा, कुडावा गेटजवळ गावात घरगुती खोल्या मिळतात, गेटवरचा गाइड घे. माझा म्हातारा होता, दुर्बीण नव्हती, नुसत्या कानावर चालायचा. त्यानंच थव्याची गंमत दाखवली, पुढे नारिंगी चोचीचे सातभाई कलकलाट करत निघतात आणि कोतवाल त्यांच्याबरोबर, त्यांच्यामागे बाकी सगळी वरात. म्हणजे सातभाई ऐकू आले की तिथेच थांबायचं, निळा मॅग्पाय त्यातच असतो.

आणि अजून एक. पावसाळ्यात चोरलला जो नवरंग ओरडतो ना, तो जानेवारीत तुला लंकेत भेटेल, हिवाळा काढायला तिकडे जातो. तिथले तमिळ लोक त्याला आरुमणी कुरुवी म्हणतात, सहा वाजताचं पाखरू, कारण सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास ओरडतो. मी घड्याळ लावून बघितलं, सहा वाजून चार मिनिटं.

सिरपूरचा_बगळा (इंदूर)

बाप रे, सगळ्यांचे आभार. रात्री बसून प्लॅन परत केला. आता असा: थट्टेकाड दहा दिवस, कोचीहून कोलंबो, श्रीलंका अडीच आठवडे, मग थायलंड पाच आठवडे (पाक थाले आधी, मग काएंग क्राचान आणि खाओ याई, दोई इंथानॉन बाद), मग तामान नेगारा आणि फ्रेझर्स हिल मिळून तीन-साडेतीन आठवडे. सुलावेसी, फिलिपीन्स, व्हिएतनाम सगळं कापलं, कापताना जीवावर आलं. पण बोर्नियो सोडवत नाहीये. शेवटचे दोन आठवडे ठेवू का? आणि मी पूर्ण शाकाहारी आहे हे लिहायचं राहिलं.

पायपीट_ताई (इंदूर)

हं, आता जमलं. ठेव बोर्नियो, पण तिथे दोनच जागा कर. सेपिलोकला कॅनोपीवर लोखंडी पूल आहे, छपराच्या उंचीवर उभं राहून पाखरं समोर दिसतात, मानेला आराम, आणि ब्रिस्टलहेड नावाचा लालभडक डोक्याचा पक्षी फक्त बोर्नियोतच आहे तो तिथे मिळतो. उरलेले दिवस किनाबातांगान काठी सुकाऊ गावात कुणाच्या घरी राहा, रिसॉर्टमध्ये नको. बोर्नियोत धनेशाच्या आठ जाती आहेत आणि आठही त्या नदीकाठी दिसू शकतात, पहाटेची बोट इतर दोन-तीन जणांबरोबर वाटून घे. एप्रिलपर्यंत तिकडचा मोठा पाऊसही सरलेला असतो. किनाबालू चढायचं परमिट तुझ्या बजेटला खड्डा पाडेल, ते सोड.

तामान नेगाराला क्वाला लंपूरहून जेरांतुत, तिथून क्वाला तहानची बस. गावात स्वस्त डॉर्म आहेत, पार्क नदीपलीकडे, होडीवाला तेव्हा एक रिंगिट घ्यायचा. रात्री मोठा आर्गस, मोराच्या नात्यातला रानकोंबडा, ओरडतो, को-वाऊ, को-वाऊ, पहिल्या रात्री मला वाटलं कुणीतरी मला हाक मारतंय. फ्रेझर्स हिलला मात्र पहाटे जंगलात जाऊच नकोस, रस्त्यावरच्या दिव्यांखाली उभा राहा, रात्री दिव्यावर आलेले पतंग खायला सगळी पाखरं तिथेच उतरतात, चहाचा कप हातात धरून बघता येतात.

खाण्याचं सोपं आहे. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात 'जे' हा थाई शब्द (เจ) लिहिलेलं दुकान शोध, चित्र फोनमध्ये ठेव, ते शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. मलेशियात तमिळ हॉटेलं गल्लोगल्ली. लंकेत परिप्पु म्हणजे आपलं वरणच, फक्त नारळाच्या दुधातलं, पण भाजीत सुक्या मासोळीची पूड असते ती विचारून घे. फोडणी दिलेले कोरडे पोहे दोन किलो ने, गरम पाणी घातलं की पाच मिनिटांत नाश्ता, पहाटे साडेचारला तिथे दुसरं काही मिळत नाही.

विजाचे नियम सारखे बदलतात, तिकीट काढायच्या आदल्या दिवशी सरकारी साइटवर बघ, यूट्यूबवर नको.

सिरपूरचा_बगळा (इंदूर)

ताई, स्क्रीनशॉट काढून ठेवला. काका, डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी वढवाण्याला येतोय, आजोबांचीच दुर्बीण घेऊन, नवीची ऑर्डर अजून दिली नाहीये. आईला जळवांचं अजून सांगितलेलं नाही, मांजरपाट कशाला आणलास विचारलं तर पिशव्या शिवायच्यात म्हटलं, तर म्हणते मलाही भाजीसाठी दोन शीव.

पायपीट_ताई (इंदूर)

शिवू नकोस, माझे लीच सॉक्स पडून आहेत. रविवारी साडेसहाला सिरपूरला ये, मी बंधाऱ्यावर असते, हिरवी टोपी. एका मोज्याला घोट्यापाशी भोक आहे, ते आधी रफू कर, जळवांना ते बरोबर सापडतं.